डब्ल्यूपीए२ की डब्ल्यूपीए३, आणि वायफायचे नाव लपवून काही साधते का?

नव्या फायबर जोडणीसोबत आलेल्या राऊटरवर डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ (वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या पद्धती), टीकेआयपी, एईएस (त्यांत माहिती सांकेतिक करण्याचे प्रकार) असे जे पर्याय दिसतात त्यांतला कोणता निवडावा, आणि वायफायचे नाव लपवून मॅक फिल्टर, म्हणजे साधनाचा हार्डवेअर पत्ता (मॅक पत्ता) पाहून ठरावीक साधनांनाच आत घेणारी सोय, लावला की पुरते का, असे तुम्ही विचारले आहे. पर्यायांकडे येतोच, पण त्याआधी पासवर्डविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण बहुतेक घरांत खरी उणीव तिथेच असते.

आमच्याकडे जोडणी द्यायला आलेल्या मुलाने राऊटर भिंतीवर बसवला, माझा मोबाइल क्रमांक विचारला आणि तोच दहा आकडी क्रमांक पासवर्ड म्हणून टाकून तो निघून गेला. लक्षात ठेवायला सोपा म्हणून मीही तो बरेच दिवस तसाच राहू दिला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तो क्रमांक सर्वांना दिसतो हा धोका तर उघडच आहे. पण क्रमांक ठाऊक नसलेल्या माणसालाही तो शोधता येतो. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन राऊटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवाणघेवाण होते. जवळपास असलेल्या कोणालाही ती टिपून घेता येते आणि मग आपल्या घरी बसून, राऊटरला पत्ताही न लागू देता, एकामागून एक पासवर्ड लावून पाहता येतात. आपल्याकडील मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा वेग सेकंदाला केवळ ५ लाख अंदाज एवढा धरला, तरी हे सगळे क्रमांक सव्वादोन तासांत तपासून होतात.

म्हणून पासवर्ड लांब ठेवा. तो ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. मात्र देवनागरी चालत नाही, रोमन अक्षरे, आकडे आणि चिन्हेच चालतात. सतरंजी, उंबरठा, कोथिंबीर, तराफा असे एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर ते घरच्यांच्या लक्षातही राहतात आणि अंदाजाने सापडणेही फार अवघड होते. अर्थात, हेच शब्द घेऊ नका.

आता पर्याय. वायफाय सुरक्षेची १९९७ ची पहिली पद्धत डब्ल्यूईपी २००१ मध्येच मोडीत निघाली. जुन्याच यंत्रांवर चालावी अशी तात्पुरती सोय म्हणून २००३ मध्ये टीकेआयपीसह डब्ल्यूपीए आली, २००४ मध्ये एईएस वापरणारी डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३. टीकेआयपी कुठेही निवडू नका. ती कमकुवत तर आहेच, शिवाय तिच्यामुळे वेगही सहसा ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. डब्ल्यूपीए३ मध्ये संदेश टिपून घरी बसून अंदाज लावण्याचा मार्ग बंद होतो, कारण प्रत्येक अंदाजासाठी राऊटरशीच बोलावे लागते. घरातील सर्व साधनांना ती चालत असेल तर तीच ठेवा. आमचा जुना प्रिंटर तिला जोडलाच जाईना, म्हणून मी मुख्य नेटवर्क डब्ल्यूपीए३ वर ठेवले आणि प्रिंटरसाठी डब्ल्यूपीए२-एईएस असलेले वेगळे गेस्ट नेटवर्क केले. दोन्ही पद्धतींचा मिश्र पर्यायही चालेल. फक्त त्यात जुनी साधने डब्ल्यूपीए२ नेच जोडली जातात, हे पासवर्ड ठरवताना ध्यानात असू द्या.

पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन साधन जोडण्याची सोय, म्हणजे डब्ल्यूपीएस, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असल्याने भक्कम वाटतो. परंतु राऊटर त्याचे दोन भाग स्वतंत्रपणे तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांवरूनच ठरतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हा दोष २०११ च्या डिसेंबरमध्ये उघड झाला होता.

नाव लपवण्याचा उपयोग जवळजवळ नाही. कोणतेही साधन जोडले जाताना ते नाव उघडपणेच हवेत जाते आणि तुमचा फोन घराबाहेरही त्या नावाने हाका मारत राहू शकतो. नावात आडनाव किंवा फ्लॅट क्रमांक नसावा, एवढे मात्र जरूर पाहा. मॅक पत्ताही उघडाच जातो व त्याची नक्कल करता येते. शिवाय आजचे फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा पत्ता तयार करतात, त्यामुळे त्या फिल्टरचा त्रास घरच्यांनाच अधिक होतो.

राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड हा वायफायच्या पासवर्डाहून निराळा असतो आणि तोही बदलावा लागतो. तो मूळचाच राहिला, तर आत शिरलेला माणूस डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून तुम्हाला बँकेच्या खोट्या पानावर नेऊ शकतो. बाहेरून राऊटर हाताळू देणारा रिमोट मॅनेजमेंटचा पर्यायही बंद ठेवा.

हे बदल करताच टीव्ही, कॅमेरा, फोन सगळेच तुटतील. तेव्हा घरात कोणाची ऑनलाइन परीक्षा किंवा मीटिंग नसेल अशी वेळ निवडा, आणि पुन्हा जोडताना प्रत्येक साधनाचे नाव राऊटरच्या यादीशी ताडून पाहा.