दिवस किती ते विचारू नका, तयारी विचारा

प्रश्न : सासूबाईंना (वय ५८) उजव्या स्तनाचा कॅन्सर आहे. छत्रपती संभाजीनगरला ऑपरेशन ठरलंय, पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढणार आहेत. ओळखीतल्या एका बाईंना तिसऱ्याच दिवशी नळ्यांसकट सुट्टी दिली आणि घरी फार हाल झाले. आमचं गाव जिंतूरच्या पुढे, एसटीने पाच तास. ‘जास्त दिवस ठेवून घ्या’ असं डॉक्टरांना सांगितलेलं चालतं का?
– एक सून, जि. परभणी

उत्तर : चालतं, सांगाच. फक्त ‘आठ दिवस ठेवा’ असं म्हणू नका. त्यावर ‘गरज नाही’ एवढंच उत्तर येतं, आणि पुष्कळदा ते खरं असतं. या ऑपरेशनात पोट उघडत नाहीत, त्यामुळे बाई दुसऱ्या दिवशी जेवते, चालते. दोन-तीन दिवसांत सुट्टी देणं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. शिवाय वॉर्डात उगाच पडून राहिलं तर जंतुसंसर्ग व्हायचा. हाल होतात ते घरी नळी (जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणारी) सांभाळायची तयारी नसल्यामुळे. म्हणून तयारी पूर्ण झाल्यावरच सुट्टी द्या, असं सांगा. तेही ऑपरेशनच्या आधी, ओपीडीत. गाव किती लांब आहे, घरी कोण असतं, जवळचा दवाखाना कुठे, हे केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. लिहिलेलं असलं की राउंडला येणारा नवा डॉक्टरही ते वाचतो.

तयारी म्हणजे काय? सलाईन-इंजेक्शनशिवाय, नुसत्या गोळीवर दुखणं सोसवतंय. लघवी साफ होते, ताप नाही. पट्टी एकदा तरी सोडून जखमेची कातडी पाहिली, कडा काळ्या पडलेल्या नाहीत. नळीतलं पाणी लालभडक राहिलेलं नाही, गुलाबी किंवा पिवळट होत चाललंय. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घरच्या एका माणसाने सिस्टरच्या समोर स्वतःच्या हाताने नळीच्या टोकाचा, पाणी साठायचा डबा दोनदा रिकामा करून दाखवलाय. ‘समजावून सांगितलं’ याला आम्ही तयारी म्हणत नाही.

डब्याचं नीट समजून घ्या. तो घड्या असलेला प्लॅस्टिकचा असतो आणि दाबलेला असेल तरच पाणी ओढतो. पुरता फुगला की ओढ संपली, मग पाणी छातीत साचायला लागतं. रोज सकाळी ठरलेल्या वेळी साबणाने हात धुवा, नळीची क्लिप बंद करा, बूच उघडा, पाणी खुणांच्या मापात ओता. डबा सपाट दाबा, दाबलेला असतानाच बूच लावा आणि मग क्लिप उघडा. ही शेवटची पायरी हमखास राहते. दिवसभर डबा कोरडा दिसतो, घरच्यांना वाटतं पाणी कमी झालं, आणि संध्याकाळी छाती फुगते. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. डबा परकराच्या नाडीला, छातीच्या खालीच अडकवा. सेफ्टी पिन डब्याच्या पट्टीत घाला, चुकूनही नळीत नको.

दोन नळ्या असतील तर ‘छाती’ आणि ‘काख’ अशा दोन रकान्यांत मिलीमीटरचं नव्हे, मिलीलीटरचं (मिली) माप लिहा (ही गफलत होते). चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली, लागोपाठ दोन दिवस, असं झालं की साधारणपणे नळी काढतात. त्याला आठवडा ते दोन आठवडे लागतात, काखेची बहुधा मागे राहते. तेवढे दिवस शहरात पाहुण्यांकडे किंवा धर्मशाळेत राहणं जमलं तर पाच तासांच्या एसटीपेक्षा ते बरं. गावीच जायचं असेल तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या नावे ड्रेसिंगची चिठ्ठी मागा, आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. डबा अचानक लाल रक्ताने भरायला लागला, सारखा हवेने फुगू लागला, पाणी बंद होऊन छाती वर आली किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तर सकाळची वाट पाहू नका.

ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर पैसे ऑपरेशनच्या पॅकेजचे मिळतात, दिवसाचे नाहीत. जास्तीचा प्रत्येक दिवस दवाखान्याच्या अंगावर पडतो. घाई कुठून येते ते यावरून समजावं. पण गुंतागुंत झाल्यावरही पाठवणी होत असेल तर आरोग्यमित्राला (योजनेचा दवाखान्यात बसणारा माणूस) गाठा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा. सुट्टीनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं त्याच पॅकेजात येतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि ते बाहेरून औषधं आणतात.

प्रश्न : स्तनाच्या ऑपरेशननंतर ४८ तास दवाखान्यात ठेवण्याचा कायदा झाल्याचा मेसेज फिरतोय. आपल्याकडे लागू आहे का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. ती गोष्ट अमेरिकेची. तिथे विमा कंपन्या त्याच दिवशी घरी पाठवायला लावतात, या तक्रारीवरून १९९० च्या दशकापासून संसदेत विधेयक येत राहिलं : विम्याने किमान ४८ तासांचा खर्च द्यावा. देशभरासाठी ते मंजूर झालं नाही, काही राज्यांनी आपापले कायदे केले. आणि त्या विधेयकातही डॉक्टर व बाई दोघांच्या मताने लवकर जाण्याची मुभा होती. आपल्याकडे तासांचा कायदा नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत मात्र दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा आणि सुट्टीनंतर ७२ तासांत कागदपत्रांच्या प्रती मिळण्याचा हक्क आहे. तो वापरा.

प्रश्न : ऑपरेशनला तीन आठवडे झाले, नळी निघाली. कापूस वेचायला कधी जाऊ?
– माजलगाव, जि. बीड

उत्तर : ताई, अजून तीन आठवडे तरी नको, आणि पुढेही सर्जनला विचारूनच. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हाताची जंतूंशी झुंजायची ताकद कमी होते. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरखडतात, त्यातून हात लाल होऊन सुजू शकतो. जाल तेव्हा मोजे आणि लांब बाह्या घाला, ओटीचा भार त्या खांद्यावर घेऊ नका. भरलेला हंडा सध्या दुसऱ्याने उचलावा. त्या हातातल्या घट्ट बांगड्या काढून ठेवा. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिवसातून दोन-तीनदा करा, हात वर जाईना तर पुढे रेडिएशनला झोपवताना अडचण येते. आणि गाठीचा रिपोर्ट हातात आला नसेल तर तो आधी आणवून घ्या, केमोथेरपी ठरते ती त्यावर. केमो सुरू झाली तर कापूस यंदा राहू द्या.