मुलांनी विचारलं तर काय सांगू?

"आम्ही एवढी प्रार्थना केली, मग ते गेले कसे?" हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून किती जणांनी विचारला असेल, मोजदाद नाही. शब्द बदलतात. कोणी म्हणतं, देव ऐकत नाही. कोणी म्हणतं, माझंच कुठेतरी चुकलं. आणि कोणी असं काहीच म्हणत नाही. हल्ली उपासनेला जावंसं वाटत नाही एवढं सांगून तासभर भलत्याच गोष्टींवर बोलत राहतं.

ज्या ताईंबद्दल लिहिते आहे त्या या तिसऱ्यांपैकी. (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) पहिल्या भेटीत त्यांनी विषय काढला तो संडे स्कूलचा. 16 वर्षं त्या लहान मुलांचा वर्ग घेत होत्या. यजमान गेल्यापासून वर्गाकडे फिरकल्या नव्हत्या. पाळकसाहेब दोनदा घरी येऊन गेले, तरी नाही.

"पोरांनी विचारलं तर काय सांगू, मॅडम?"

"काय विचारतील?"

"मीच त्यांना सांगितलं होतं, अंकलसाठी प्रार्थना करा, प्रभू लहान मुलांचं ऐकतो. 7 महिने दर रविवारी हात जोडून केली त्यांनी. एकानं तर खाऊ सोडला होता. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

स्वतःच्या दुःखाबद्दल त्या दिवशी त्या एवढंच बोलल्या.

पुढच्या दोन भेटींत हळूहळू बाकीचं बाहेर आलं. यजमानांना स्वादुपिंडाचा कर्करोग. आधी पोटात दुखायचं, पाठीत कळ यायची. ताईंनी पित्त समजून घरगुती उपाय केले, मग साध्या गोळ्या. निदान झालं तेव्हा रोग पसरला होता. प्रार्थनागटानं साखळी प्रार्थना धरली, शुक्रवारचे उपास झाले, कोणीतरी तेल लावून प्रार्थना करून गेलं. आणि अंत्यविधीनंतर आठवडाभरातच गटातल्या एका बाईंनी, अगदी मायेनं हात हातात घेऊन, म्हटलं, "सिस्टर, कुठंतरी विश्वासात कमी पडलो आपण. एखादं पाप कबूल करायचं राहिलं असेल का, बघा."

त्या 'आपण'मध्ये बोलणारी बाई नव्हती, हे ताईंना बरोबर कळलं होतं.

त्यांच्या डोक्यात दोन अपराध एकमेकांत गुंतले होते. एक, मी वेळेवर डॉक्टरकडे नेलं नाही. दुसरा, माझा विश्वास कमी पडला. असा गुंता समोर आला की मी आधी बाजूला काढते तो धागा जो वचनानं सुटत नाही. त्यांना म्हटलं, पहिला प्रश्न माझा नाही आणि देवाचाही नाही, डॉक्टरांचा आहे; जाऊन विचारा. त्या गेल्या. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: स्वादुपिंड जठराच्या मागे, खोल असतं, तिथली गाठ बराच काळ काही त्रासच देत नाही, आणि देते तेव्हा तो पित्तासारखा किंवा पाठदुखीसारखा वाटतो. बहुतेकांचं निदान म्हणूनच उशिरा होतं. तो कागद त्यांनी पर्समध्ये घडी करून ठेवला होता. मला दाखवताना त्यांचं बोट त्या वेड्यावाकड्या चित्रावरून फिरत होतं.

झोप नव्हती त्यांना. जेवणाचंही तसंच. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं म्हटलं तेव्हा त्या चमकल्या: "म्हणजे प्रार्थनेनं होणार नाही?" ही शंका आपल्या मंडळ्यांत फार खोल रुजलेली आहे आणि तिच्यापायी माणसं हकनाक सोसतात. मी त्यांना एलीयाची आठवण दिली. 1 राजे, अध्याय 19. एवढा मोठा संदेष्टा, झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो. तो खातो, पितो, परत झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो. 'तू येथे काय करतोस?' हा प्रश्न त्यानंतर, 40 दिवसांची वाट चालून झाल्यावर येतो. आणि प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, हे पत्रात लिहिलेलंच आहे. ताई गेल्या तज्ज्ञांकडे. तीनेक आठवड्यांत झोप जरा रुळावर आली, आणि मग आम्ही खऱ्या प्रश्नाला हात घातला. झोपेविना कोणीही देवाशी नीट भांडू शकत नाही.

इथे माझी एक चूक सांगते. या कामात नवी होते तेव्हा मूल गमावलेल्या एका आईला मी रोमकरांस पत्रातलं वचन वाचून दाखवलं होतं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते. वचन खरं आहे, माझंही आवडतं आहे. पण ते ऐकताना त्या आईचा चेहरा मिटला, आणि ती पुन्हा आली नाही. त्याच पत्रात चारच अध्याय पुढे पौल सांगतो, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. मला पहिलं पाठ होतं, दुसरं नव्हतं.

ताईंच्या वेळीही एक उदाहरण जिभेवर आलं होतं. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, आणि रमाबाई स्वतः पुढच्या वर्षी. लेकीला पोचवूनही ती आई विश्वासात टिकली, असं सांगावंसं वाटत होतं. गिळलं. दुसऱ्याचं धैर्य दुःखी माणसासमोर ठेवलं की त्याची छडी होते.

त्याऐवजी ताईंना म्हटलं, त्या बाई म्हणाल्या ते आपण पवित्र शास्त्रात तपासू. तपासायला फार शोधावं लागत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य येशूला नेमका हाच हिशेब विचारतात: हा माणूस जन्मतः आंधळा, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या तेराव्यात शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेलेली आहेत. ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला, असं विचारून येशू स्वतःच 'नाही' म्हणतो. नीतिमान असून सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तोंड उघडलं आणि बिघडलं. मग कितीतरी अध्याय ते एकच सांगतात, तू काहीतरी केलं असणार. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, आणि जो इतका वेळ देवाशी वाद घालत होता तो ईयोबच नीट बोलला, असं म्हणतो.

"आणि ईयोबाला कळलं का मग, का झालं ते?" ताईंनी विचारलं.

नाही कळलं. पहिल्या अध्यायात स्वर्गात काय बोलणं झालं ते आपण वाचतो. ईयोबाला ते शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. देव वादळातून बोलतो तेही प्रश्नच विचारतो. मी हे लपवत नाही कोणापासून. ख्रिस्ती विश्वासात सगळ्या 'का'ची उत्तरं मिळतात असं सांगणारे भेटतात, पण त्यांनी ईयोबाचं पुस्तक घाईत वाचलेलं असतं, असं माझं मत आहे.

पण 'विश्वास कमी पडला' हे त्यांच्या मनातून जाईना. बुद्धीला पटत होतं, रात्री परत येत होतं. एके दिवशी त्यांनी प्रार्थनेची वही आणली. शाळेची दोनशेपानी वही, तारखा घातलेल्या, प्रत्येक तारखेखाली विनंत्या. ऐकल्या गेलेल्या विनंतीपुढे हिरव्या पेनानं बरोबरची खूण. 'आज उलटी होऊ नये', खूण. 'रक्ताचा रिपोर्ट', खूण. आणि प्रत्येक पानावर सगळ्यात वर तेच वाक्य: 'प्रभू, हा प्याला आमच्यावरून टळू दे.' त्याच्यापुढे 7 महिने रिकामं.

मी त्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कोणाचं वाक्य?"

"प्रभूचं. क्रुसाच्या आदल्या रात्रीचं, गेथशेमाने बागेतलं."

"टळला का?"

त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "त्याचाही नाही टळला."

"मग त्याचा विश्वास कमी पडला म्हणायचं?"

मी पुढे काही बोलले नाही. त्या रडल्या. अंत्यविधीलाही इतकं रडले नव्हते, म्हणाल्या. तेव्हा सगळे बघत होते, साक्ष, म्हणजे लोकांना दिसणारा आपला विश्वास, बिघडेल असं वाटत होतं. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशू सगळ्यांसमोर रडला. पाच मिनिटांत त्याला मेलेल्यांतून उठवणार हे ठाऊक असून रडला. साक्ष बिघडल्याचं योहानानं तरी लिहिलेलं नाही.

योहानाच्या त्या अकराव्या अध्यायात आणखी एक गंमत आहे, ती मला माझ्या कामात फार उपयोगी पडते. मार्था आणि मरीया, लाजराच्या दोघी बहिणी, येशूला शब्दशः एकच टोमणा मारतात: प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मार्थाला तो पुनरुत्थानाबद्दल सांगतो. मरीयेला काहीच सांगत नाही, तिच्याबरोबर रडतो. प्रश्न एकच, माणसं दोन. पुनरुत्थानाची आशा ही आपली खरी आशा आहे, ताईंचीही आहे. पण त्या दिवशी ऑफिसात आलेली बाई मार्था आहे की मरीया, हे आधी पाहावं लागतं, आणि कधी कधी तीच बाई मंगळवारी मार्था असते आणि पुढच्या मंगळवारी मरीया.

प्रार्थना मात्र त्यांनी सोडलीच होती. "चांगले शब्दच येत नाहीत. आले तर तक्रारीच येतात. तशी कशी करायची?" मी माझं शास्त्र त्यांच्या हातात दिलं आणि स्तोत्र 88 मोठ्यानं वाचायला सांगितलं. कोरसला म्हणायची स्तोत्रं त्यांना पाठ होती, हे नव्हतं. त्या वाचत गेल्या. रात्रंदिवस आरोळी, गर्तेचा काठ, तू माझे मित्र दूर केलेस, तू आपलं मुख का लपवतोस. अठरावं वचन अंधारावर संपतं. त्यांनी पान उलटलं. पुढच्या स्तोत्राची पहिली ओळ वाचली, तिथे परमेश्वराच्या दयेचं गाणं गाईन असं आहे. परत पान मागे घेतलं. पुन्हा पुढे.

"मधलं कुठाय?"

"मधलं म्हणजे?"

"म्हणजे हे असं रडणं, आणि लगेच गाणं. मधे काहीतरी राहिलं असणार ना?"

राहिलेलं नाही. दोन स्तोत्रांवर नावंही वेगळी आहेत, एकावर हेमान, दुसऱ्यावर एथान. हेमानाचं रडणं तसंच ठेवलंय. कोणी त्याच्या शेवटाला एक आनंदाची ओळ जोडून ते सुधारलेलं नाही. आणि ते देवाच्याच मंदिरात गायलं जायचं, हे मी त्यांना सांगितलं. देवाकडे पाठ फिरवून केलेली तक्रार आणि देवाच्या तोंडावर केलेली तक्रार यात फरक आहे. दुसरीला शास्त्र प्रार्थनाच म्हणतं. त्यांनी त्या रात्री वहीत पहिल्यांदा काही लिहिलं. काय ते मी विचारलं नाही. हिरवं पेन हरवलं, एवढं त्यांनी सांगितलं.

यानंतर सगळं झपाट्यानं बरं झालं असं नाही. नाताळ त्यांना फार जड गेला. दोन रविवार त्या मागच्या बाकावर बसून प्रभुभोजनाआधीच उठून आल्या. त्या प्रार्थनागटात त्या आजही जात नाहीत, आणि मी त्यांना जा म्हणतही नाही. क्षमा केली आहे, म्हणतात, पण तिथल्या खुर्चीत बसवत नाही. चालेल की.

वर्गावर जायचं त्यांनी स्वतःच ठरवलं, वर्षश्राद्धासारखं काही आपल्यात नसलं तरी ते गेल्याला वर्ष होत आलं होतं तेव्हा. आदल्या भेटीत आम्ही उत्तराची तयारी करायला बसलो. त्यांनी चार वाक्यं लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. शेवटी कागद चुरगळून टाकला.

पुढच्या मंगळवारी आल्या त्या दारातूनच बोलत. प्रश्न आलाच होता. खाऊ सोडलेला तोच मुलगा. "टीचर, आम्ही अंकलसाठी प्रार्थना केली होती, मग ते का गेले?"

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, मला नाही माहीत. मी पण रोज प्रभूला हेच विचारते. कधी कधी रागानं विचारते."

"मग?"

"मग काय! त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, टीचर, रंगाचा डबा कपाटात आहे, किल्ली कुणाकडेय?"