इंग्लंडमध्ये लहान मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन नदीकाठाने, जुन्या पार्कांतून चालायला कुठे जावं?

पाच आणि नऊ वर्षांची मुलं, जूनमध्ये येणारे आईबाबा, आणि 'डोंगर नको, सपाट हवं', असं तुम्ही लिहिलंय. आम्ही इथे आलो तेव्हा आमचीही हीच अवस्था होती. पहिल्याच उन्हाळ्यात 'सोपी वाट, ५ मैल' असं कुठेतरी वाचून निघालो आणि पहिल्या पुलावर पाऊण तास गेला. पुलाच्या एका कठड्यावरून काडी टाकायची, धावत दुसऱ्या कठड्याशी जायचं, कोणाची आधी बाहेर येते ते बघायचं. मग परत. शेवटचा दीड मैल धाकटा माझ्या पाठीवर आणि सॅक नवऱ्याच्या पोटावर.

तेव्हापासून मी अंतर नंतर बघते, आधी बघते की ही वाट मधेच कुठे सोडता येते. नदीकाठची वाट एका दिशेने जात राहते. जितके पुढे जाल तितकं मागे यावं लागतं, आणि हे पाच वर्षांच्या मुलाला पटवून देणं अशक्य आहे. त्यामुळे खालच्या जागा मी याच हिशेबाने सांगतेय.

लंडनच्या जवळपास असाल तर डोळे मिटून रिचमंड. स्टेशनवरून दहा मिनिटांत तुम्ही थेम्सच्या काठावर असता. १७७७ सालच्या दगडी पुलापासून नदीच्या वरच्या अंगाला चालायला लागलात की थोड्याच वेळात पीटरशॅमचं कुरण लागतं. राजधानीच्या शहरात नदीकाठी गाई चरताना बघून माझे बाबा जे खूश झाले, ते नंतर बकिंगहॅम पॅलेस बघूनही झाले नाहीत. पुढे हॅम हाउस, १६१० साली बांधलेला वाडा. पुलापासून इथवर अडीच-तीन किलोमीटर, सगळं सपाट. मुलं थकली तर पीटरशॅमच्या रस्त्यावर ६५ नंबरची बस मिळते आणि लंडनच्या बसमध्ये अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर तिकीट नाही. उन्हाळ्यात हॅम हाउससमोरून छोटी होडी पलीकडच्या काठावरच्या मार्बल हिल पार्काला सोडते. होडीत बसायला मिळणार म्हटल्यावर कुरकुर आपोआप थांबते.

एक मात्र सांभाळा. थेम्सला भरती-ओहोटी असते, अगदी टेडिंग्टनच्या बांधापर्यंत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असली की रिचमंडचा काठ आणि हॅमकडची वाट पाण्याखाली जाते. आम्ही एकदा असे अडकलो, तासभर एका उंच पायरीवर उभे. बाबा शांतपणे म्हणाले, "तिथी बघून निघायचं." आता मी निघण्याआधी भरतीच्या वेळा बघते.

मुलांच्या पायांत अजून जोर असेल तर तिथूनच पीटरशॅम गेटने रिचमंड पार्कात शिरा. गेटजवळ खेळायला घसरगुंडी-झोपाळे आहेत, त्यामुळे आत शिरल्याशिवाय सुटका नसतेच. आणि इथे 'पार्क' या शब्दाचा घोळ समजून घ्या. आपण पार्क म्हटलं की बाग समजतो. हे पार्क म्हणजे मुळात राजाचं किंवा सरदाराचं हरणांसाठी राखलेलं रान. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ मध्ये शिकारीसाठी हे रान भिंत घालून बंदिस्त केलं. पुढे राजघराण्यातल्या लोकांनी पायी येणाऱ्यांनाही अडवायला सुरुवात केली, तेव्हा जॉन लुईस नावाचा रिचमंडचा एक बिअर गाळणारा माणूस कोर्टात गेला आणि १७५८ मध्ये जिंकला. पायी आत जाण्याचा हक्क परत मिळाला. नऊ वर्षांच्या मुलीला ही गोष्ट सांगून बघा, ती त्या भिंतीकडे वेगळ्याच नजरेने बघते.

आत आजही सहाशेच्या वर हरणं मोकळी फिरतात. फोटोसाठी जवळ जाऊ नका, पन्नास मीटर अंतर ठेवा. मे ते जुलै पाडसांचे दिवस असतात, तेव्हा आया बिथरतात; सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर एकमेकांशी झुंजतात. जूनमध्ये आईबाबा येतायत म्हणजे तुम्हाला पहिली काळजी घ्यायची आहे.

लंडनबाहेर माझी सर्वांत लाडकी वाट डार्बीशरमधल्या चॅट्सवर्थची. वाडा बघायला तिकीट आहे, ते महागही आहे, पण डर्वेंट नदीच्या वाड्यापलीकडच्या काठाचं कुरण चालणाऱ्यांना फुकट खुलं आहे, फक्त गाडी लावायचे पैसे पडतात. दक्षिणेकडच्या कॅल्टन लीजला गाडी लावायची आणि नदीकाठाने वाड्यासमोरच्या पुलापर्यंत जायचं, साधारण अडीच किलोमीटर. वाटेत एक पडकी गिरणी लागते, मेंढ्या तर पावलोपावली. थकलात तर एकाने मागे जाऊन गाडी आणायची, बाकीच्यांनी वाड्याजवळ बसायचं. आमच्याकडे हे काम कायम एकाच माणसाकडे असतं.

हे सगळं निसर्गाने असंच ठेवलंय असं वाटतं, आणि तीच खरी गंमत. १८व्या शतकात लॅन्सलॉट ब्राउन नावाच्या माणसाने इथल्या सरदारांची अशी कितीतरी पार्कं घडवली. सरळ रेषेतल्या बागा मोडल्या, दारापर्यंत गवत आणलं, झाडांचे पुंजके लावले, नद्यांना वळणं दिली. चॅट्सवर्थची टेकडी आणि नदीकाठही त्याच्या हातून गेलेला आहे. शेजारचं एडन्सर हे गाव तर १९व्या शतकात चॅट्सवर्थच्या मालकाने, म्हणजे तिथल्या ड्यूकने, उचलून नव्या जागी वसवलं. आता तिथली घरं एकाला एक न जुळणारी आहेत, मुलांना 'दोन सारखी घरं शोधा' असं सांगितलं की अर्धा तास निवांत मिळतो. अशा पार्कांत खंदकात दडवलेली भिंतही दिसेल. गाई-मेंढ्या वाड्याशी येऊ नयेत पण खिडकीतून कुंपणही दिसू नये, म्हणून. तिला खरोखरच 'हा-हा' म्हणतात. मुलं बाकी सगळं विसरतील, हे नाव विसरणार नाहीत.

यॉर्कशरला जाणार असाल तर फाउंटन्स ॲबीजवळचं स्टडली रॉयलचं हरणांचं पार्क. मठाचे अवशेष आणि पाण्याची बाग बघायला तिकीट लागतं, पार्कात चालायला नाही. तळ्याच्या खालच्या अंगाला स्केल नदी वळणं घेत जाते आणि वाट एकामागून एक लहान दगडी पुलांवरून तिला ओलांडत राहते. पुन्हा काड्या, पुन्हा पाऊण तास. वेळ धरूनच निघा.

डार्बीशरच्या सीमेवरच्या डव्हडेलचे नदीतले पायदगड, म्हणजे पाय ठेवत नदी ओलांडायचे दगड, सगळेच सुचवतात. सुंदर आहेत, पण सुट्टीच्या दिवशी त्या दगडांवर रांग लागते आणि पाणी वाढलं की ते बुडतात. सकाळी नऊच्या आत जमत असेल तरच जा.

यॉर्कशरमधल्या बोल्टन ॲबीलाही असेच पायदगड आहेत, शेजारी पूलही आहे, आजी-आजोबा पुलावरून आणि मुलं दगडांवरून. पण तिथून वर 'स्ट्रिड' नावाची जागा आहे, तिथे वॉर्फ नदी खडकांत इतकी अरुंद होते की उडी मारावीशी वाटते. मारू नका, आणि मुलांचा हात सोडू नका. आख्खी नदी त्या फटीत खोल उतरलेली असते, आत पडलेला माणूस वर येत नाही. पाच वर्षांच्या मुलाबरोबर मी तरी त्या खडकांवर जाणार नाही.

किरकोळ पण कामाचं: बाबागाडी न्यायची असेल तर आधी 'स्टाइल' आहे का ते तपासा, म्हणजे कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या. त्या आईच्या गुडघ्यांनाही झेपत नाहीत. वासरं बरोबर असलेल्या गाईंच्या मधून जाऊ नका, वळसा घ्या. 'नेटल' हे झुडूप म्हणजे इथली खाजकुइली, त्यामुळे काठाने चालताना पूर्ण पायाची पँट बरी. आणि उन्हाळा सरता सरता नदीकाठी गुलाबी फुलांचे उंच ताटवे दिसतील. आई ओळखेल लगेच, तेरडाच तो, हिमालयातला. कोणीतरी १९व्या शतकात बागेत हौसेने आणला आणि आता त्याने इथले काठचे काठ गिळलेत. शेंगांना बोट लावलं की फटकन फुटतात, मुलांना ते भारी आवडतं, पण त्याने बी आणखी लांब उडतं. आमच्या धाकट्याला हे समजावेपर्यंत त्याच्या खिशात मूठभर शेंगा होत्या, त्या घरी येऊन कचऱ्यात टाकल्या.