सीडी३१ आलं, टीईईआर का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की रॅटच्या मेंदूतून पेशी काढल्या, सातव्या दिवशी सीडी३१ (अस्तरपेशींची खूण असलेलं प्रथिन) छान रंगलं, पण टीईईआर (पेशींच्या थराचा विद्युतरोध, म्हणजे थर किती घट्ट आहे त्याचं माप) ४० ओहमवरून हलत नाही. मग या मेंदूच्याच रक्तवाहिन्यांच्या पेशी आहेत का, असा तुमचा प्रश्न.

सीडी३१ एवढंच सांगतं की पेशी रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या आहेत. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवरही ते असतं. मेंदूची ओळख पटवायला ग्लूट-१ (साखर आत नेणारं प्रथिन), पी-ग्लायकोप्रोटीन (औषधं बाहेर फेकणारा पंप) आणि क्लॉडिन-५ (पेशींमधले सांधे घट्ट करणारं प्रथिन) बघा. क्लॉडिन नुसतं आहे का एवढंच बघू नका, कुठे आहे तेही बघा: दोन पेशींच्या सीमेवर सलग, बारीक रेघ हवी. पेशीभर धूसर पसरलं असेल तर सांधे अजून जुळलेले नाहीत.

पण तुमचा खरा घोटाळा फोटोत दिसतोय. अस्तरपेशी लांबट, विंचरलेल्या केसांसारख्या एका दिशेने गेल्यात, आणि मध्येच चपट्या, वेड्यावाकड्या पेशींची बेटं आहेत. ती बहुधा पेरिसाइटची (रक्तवाहिनीला बाहेरून बिलगणाऱ्या पेशींची). पीडीजीएफआर-बीटा या त्यांच्या खुणेने रंगवून खात्री करा. प्रत्येक बेट म्हणजे थरातलं एक भोक, तिथूनच करंट निसटतो.

उपाय प्युरोमायसिन, हे पेशींना मारणारं औषध. अस्तरपेशींचा पी-ग्लायकोप्रोटीन पंप ते बाहेर फेकतो. पेरिसाइटकडे तेवढा पंप नसतो, त्या मरतात. मी पेशी लावल्यापासून पहिले २-३ दिवस साधारण ४ मायक्रोग्रॅम प्रति मिली ठेवते. दुसऱ्या दिवशी प्लेट स्मशानासारखी दिसते. पहिल्यांदा मी घाबरून अख्खी प्लेट टाकून दिली होती! तसं करू नका, हलक्या हाताने धुऊन मीडियम बदला.

हिशोबही तपासा. रिकाम्या इन्सर्टचा (ज्या सच्छिद्र पडद्याच्या कपात पेशी वाढतात त्याचा) आकडा वजा करून क्षेत्रफळाने गुणायचं असतं, भागायचं नाही. २४-वेलच्या इन्सर्टला ०.३३ चौ. सेंमी. शिवाय इन्क्युबेटरमधून काढलेली प्लेट गार होत जाते तसा आकडा फुगतो, त्यामुळे दर वेळी तेवढंच थांबून मोजा.

आणि मोठ्या टीईईआरलाही भुलू नका. २०१२ पासून स्टेम पेशींपासून बनवलेल्या 'मेंदूच्या अस्तरपेशी' हजारोंचे आकडे देत होत्या. २०२१ मध्ये त्यांची जनुकं तपासली तेव्हा त्या एपिथेलियल (रक्तवाहिन्यांचं नव्हे, तर त्वचा-आतड्यासारखं आवरण बनवणाऱ्या) गोत्रातल्या निघाल्या. उलट एचसीएमईसी/डी३ ही मानवी मेंदूच्या अस्तरपेशींची प्रयोगशाळेत वाढवलेली लाइन ५० च्या आसपासच रेंगाळते, तरी ती अस्तरपेशीच.

म्हणून सोडियम फ्लुओरेसीन (चमकणारा रंग) थरातून किती झिरपतं तेही मोजा. प्युरोमायसिननंतरच्या पाचव्या दिवसाचा फोटो टाका, रिकाम्या इन्सर्टच्या आकड्यासकट.