मनाली, जयपूर की हंपी? आधी ती मेंबरशिप रद्द करा

प्रश्न: सर, आम्ही सोलापूरचे. मिस्टर ३८ वर्षांचे, खासगी कंपनीत आहेत, हातात ८२,००० येतात. मी घरी शिकवण्या घेते, महिन्याला दहाएक हजार सुटतात. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा, सासूबाई ६८. त्यांचे गुडघे दुखतात. घराचा हप्ता २४,०००, बँकेत दीड लाखाची एफडी. नाताळच्या सुट्टीत पाच दिवस बाहेर जायचं आहे. मुलांना बर्फ बघायचाय म्हणून मनाली, मिस्टर म्हणतात जयपूर-उदयपूर, मला हंपी बघायची आहे. राहण्याचा खर्च नाही, कारण गेल्या रविवारीच आम्ही एका हॉलिडे क्लबची २५ वर्षांची मेंबरशिप घेतली. त्याच्या हप्त्यासाठी मुलांसाठी म्युच्युअल फंडात महिन्याला जाणारी १०,००० ची एसआयपी तूर्त थांबवली आहे. विम्याचं सगळं झालेलं आहे. तर कुठे जावं? कराराचे फोटो सोबत जोडले आहेत.

उत्तर: ताई, कुठे जावं ते सांगतोच, ते अवघड नाही. पण ‘राहण्याचा खर्च नाही’ हे वाक्य वाचून मी आधी कराराचे फोटो उघडले. सही रविवारची, तुमचं पत्र मला मिळालं गुरुवारी, आणि करारातल्या रद्द करण्याच्या कलमात मुदत आहे १० दिवसांची. हे उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला मेल केला: मेंबरशिप रद्द करत असल्याचं पत्र उद्याच्या उद्या पाठवा, मेलनेही आणि पोचपावतीच्या स्पीड पोस्टानेही. तुम्ही ते पाठवलंत, फार चांगलं केलंत. पैसे अजून परत आलेले नाहीत आणि कंपनीचा माणूस रोज फोन करून ‘फेरविचार करा’ म्हणतोय, असं तुम्ही कळवलंय. मिस्टरांच्याही मनात अजून चलबिचल आहे. म्हणून हा हिशेब दोघांनी मिळून वाचा.

किंमत ४,८०,०००. त्यातले ८०,००० क्रेडिट कार्डावर भरले, उरलेल्या ४ लाखांचं एका फायनान्स कंपनीचं कर्ज, ११,१०० चे ४८ हप्ते. व्याजदर तुम्हाला कोणी सांगितला नाही. हप्त्यावरून काढला तर तो १५ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे एकूण जाणार ६ लाख १३ हजार. शिवाय दर वर्षी देखभालीचे १८,०००, तुम्ही गेलात तरी आणि नाही गेलात तरी. बदल्यात वर्षाला ७ रात्री. सहा लाख तेरा हजारांना २५ ने भागा, साडेचोवीस हजार. त्यात १८,००० मिळवा, साडेबेचाळीस. भागिले ७. एका रात्रीचे ६,००० रुपये झाले. एवढ्या पैशांत जवळपास कुठल्याही गावात चांगली खोली मिळते, सकाळच्या नाश्त्यासकट, आणि ती घ्यायला २५ वर्षांची सही लागत नाही. शिवाय हा हिशेब पंचवीसही वर्षं सातच्या सात रात्री वापरल्या तरचा. एक वर्ष दहावी, एक वर्ष बारावी, एक वर्ष कोणाचं आजारपण. अर्धीच वर्षं गेलात तर रात्र १२,००० ला पडते.

मेंबरशिप विकणाऱ्या माणसाने सांगितलं की हॉटेलचे भाव दर वर्षी वाढणार, तुमचा मात्र आजच्या भावात कायमचा बांधला गेला. बांधली गेली ती फक्त मेंबरशिपची किंमत. देखभालीचा खर्च दर वर्षी वाढवण्याचा हक्क कंपनीने करारात स्वतःकडे ठेवलाय. तो ८ टक्क्यांनी वाढला तर नऊ वर्षांत दुप्पट होतो आणि शेवटच्या वर्षी लाखाच्या वर जातो. तेव्हा मिस्टर ६३ वर्षांचे असतील, निवृत्त. ‘नको झाली तर विकून टाका’ हेही सांगितलं असेल. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइटवर जाऊन अशा मेंबरशिपा किती जण आणि कितीला विकायला बसलेत ते एकदा बघा. मी पाहिलेल्या लोकांपैकी कोणालाही घातलेले पैसे परत मिळालेले नाहीत.

आता कराराचं तिसरं पान. असे क्लब वर्षाचे दिवस रंगांच्या हंगामांत वाटतात. तुमची मेंबरशिप ज्या रंगाच्या हंगामाची आहे त्यात २० डिसेंबर ते ५ जानेवारी हे दिवस येतच नाहीत. म्हणजे ज्या सुट्टीसाठी तुम्ही मला पत्र लिहिलंत, त्या सुट्टीत तुम्हाला ही खोली मिळणारच नव्हती. मिळाली असती तरी ती २ मोठी माणसं आणि १२ वर्षांखालची २ मुलं यांच्यासाठी. सासूबाईंची वेगळी खोली, वेगळे पैसे. आणि मुलगी पुढच्या वर्षी बाराची होते. पान वाचायला वेळ दिला असता तर हे तुमच्या लगेच लक्षात आलं असतं. पण तो वेळ मिळू नये अशीच मेंबरशिप विकतात त्या हॉलची रचना असते. मॉलमधल्या फॉर्मवरून फोन, ‘लकी ड्रॉ लागलाय, नवरा-बायको दोघांनी यायचं’, दीड तासाचे तीन तास, शेवटी ‘हा भाव फक्त आजचा’. दोघांनाच का बोलावतात? ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायची सोय राहू नये म्हणून. शिकलेसवरलेले, हिशेबी लोक तिथे सही करून येतात. त्यामुळे मिस्टरांना घरात बोल लावू नका. चूक त्यांची कमी आणि विकणाऱ्याची जास्त आहे.

मला सर्वांत जास्त लागली ती एसआयपी. तुम्ही ‘तूर्त’ लिहिलंय, पण हप्ते ४८ आहेत, म्हणजे हे तूर्त चार वर्षांचं. मुलगी बारावी होईल सात वर्षांनी. महिना १०,००० सात वर्षं, १० टक्के धरले तर १२ लाख होतात. चार वर्षं बंद ठेवून शेवटची तीनच वर्षं भरलेत तर सव्वाचार लाखांच्या आत. जवळजवळ ८ लाखांचा खड्डा, आणि तो पडणार नेमका कॉलेजची फी भरायच्या वर्षी. मग शैक्षणिक कर्ज निघेल आणि ते फेडेल ती मुलगी. १० टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही. कमी मिळाले तरी खड्डा मोठाच राहतो. एसआयपी या महिन्यातच पुन्हा सुरू करा.

पैसे परत मिळवण्याबद्दल. कंपनी फोनवर काय बोलते त्याला किंमत नाही, सगळं लेखी मागा. फोनवर ‘बरं, बघतो’ एवढंही म्हणू नका. मेंबरशिप रद्द झाली म्हणजे कर्ज आपोआप रद्द होत नाही. फायनान्स कंपनीला वेगळं पत्र द्या, रद्द केल्याच्या मेलची प्रत जोडा आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र मागा. ते मिळेपर्यंत रागाच्या भरात हप्ता चुकवू नका. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब होईल मिस्टरांचा, त्या क्लबचा नाही. कार्डाच्या बँकेकडेही ८०,००० च्या व्यवहाराबद्दल लेखी तक्रार नोंदवा. बिलाच्या तारखेपर्यंत निकाल लागला नाही तर एफडी मोडून पूर्ण बिल भरा. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली फक्त किमान रक्कम, भरून सोडलंत तर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं. महिन्याभरात काही हाललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करा. त्यानेही काम झालं नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही आणि वकील लागतोच असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण तुम्ही दोन महिनेही थांबू नका.

आणि ‘विम्याचं सगळं झालेलं आहे’ हे मात्र मान्य नाही. तुम्ही मेलमध्ये कळवलेली पॉलिसी वर्षाला ३०,००० हप्त्याची आणि ५ लाखांच्या विम्याची आहे. पाच लाख म्हणजे मिस्टरांचा सहा महिन्यांचा पगार. एकट्याच्या पगारावर पाच माणसं आणि घराचं कर्ज असलेल्या घराला १ कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा विमा, हवा. तब्येत ठीक असेल, तंबाखू नसेल, तर या वयाला तो पंधरा-वीस हजारांत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. जुन्या पॉलिसीचं काय करायचं ते तिचे कागद पाठवलेत की सांगतो. टर्म प्लॅन हातात पडेपर्यंत तिला हात लावू नका.

आता सुट्टी. मनालीत नाताळात बर्फ असेलच असं नाही. गावात खात्रीचा बर्फ म्हणाल तर जानेवारी-फेब्रुवारी. रोहतांग खिंड हिवाळ्यात बंद. अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू गावात बर्फ भेटू शकतो, पण त्या आठवड्यात गाड्यांची रांग तासन् तास हलत नाही. दिल्लीहून सव्वापाचशे किलोमीटरचा रस्ता, बारा-चौदा तास. पाच दिवसांतले तीन प्रवासात जातील, सासूबाईंचे गुडघे वेगळेच, आणि पाच माणसांच्या विमानासकट खर्च दीड लाखाच्या खाली येणार नाही. जयपूर-उदयपूर हिवाळ्यात खरंच सुंदर, पण दोन शहरांमध्ये चारशे किलोमीटर आहेत आणि नाताळचा आठवडा हाच तिथला सर्वांत महाग. ते दिवाळीनंतरच्या एखाद्या मोकळ्या आठवड्यासाठी ठेवा.

तुमची हंपीच बरोबर आहे. तुम्ही सोलापुरात राहता ही मोठी सोय. दारातून गाडी करा, विजापूर शंभर किलोमीटर. गोल घुमटाच्या वरच्या सज्जात भिंतीपाशी कुजबुजलेलं पलीकडच्या माणसाला ऐकू येतं, मुलं तिथून हलणार नाहीत. वर जायला सात मजल्यांचा अरुंद जिना आहे, त्यामुळे सासूबाईंनी खाली बागेत बसावं, तिथलं संग्रहालय बघावं. दुसऱ्या दिवशी बदामीची लेणी आणि तळं, तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टदकलची मंदिरं करून संध्याकाळी हंपी. चौथा दिवस पूर्ण हंपीचा. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ ५० रुपयांच्या नोटेवर आहे, नोट मुलांच्या हातात देऊन त्यांना तो शोधायला लावा. मंदिरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात, सासूबाईंना चालावं लागणार नाही. पाचव्या दिवशी घरी, तीनशे किलोमीटरच्या आसपास.

सहा-सात माणसांची गाडी पाच दिवस, ड्रायव्हरच्या भत्त्यासह २५,०००. दोन खोल्या, चार रात्री, खोलीला सरासरी २,८०० धरले तर साडेबावीस हजार. जेवणखाण साडेबारा हजार. तिकिटं आणि किरकोळ ३,०००. पुरातत्त्व खात्याच्या जागांचं तिकीट माणशी २५ ते ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. एकूण ६३,०००.

यंदा हे पैसे शिकवणीच्या शिलकेतून उभे करा, एफडीला हात न लावता. जमत नसेल तर पट्टदकल आणि एक रात्र कमी करा, दहाएक हजार वाचतात. पुढच्या वर्षीसाठी जानेवारीपासून महिना ४,००० ची आरडी, म्हणजे बँकेतली दरमहाची ठेव, सुरू करा, डिसेंबरला पन्नास हजारांच्या जवळ होतील, उरलेले शिकवणीतून. मुलांच्या बर्फासाठी मे महिन्यातलं मनाली बघा. महिन्याच्या अखेरीस रोहतांग सहसा उघडलेला असतो, शाळेची सुट्टीही मोठी असते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला सुरू होतं, तारीख लिहून ठेवा. यंदाच्या खोल्यांमध्ये आधी बदामीच्या बघा. गाव छोटं, बऱ्या जागा मोजक्या, आणि नाताळात त्या हंपीच्या आधी भरतात.