एचआयव्हीच्या सरकारी सेवेत गरीब, ब्लॅक आणि पन्नाशीपुढचेच लोक जास्त का दिसतात?

तुझा प्रश्न मला समजला तो असा, की अमेरिकेत एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी, करतेयस, असाइनमेंटला रायन व्हाइट प्रोग्रॅमचा, म्हणजे एचआयव्ही असलेल्या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी योजनेचा, 2022 चा डेटा रिपोर्ट मिळालाय, त्यात साडेपाच लाखांच्या वर क्लायंट, त्यातले साधारण 70 टक्के ब्लॅक आणि लॅटिनो, 60 टक्क्यांच्या आसपास दारिद्र्यरेषेच्या आत, निम्मे पन्नाशीच्या घरातले किंवा पुढचे, आणि एवढं सगळं असून जवळपास 90 टक्के लोकांचा व्हायरल लोड सप्रेस झालेला (म्हणजे औषधाने रक्तातला विषाणू अगदी कमी झालेला), देशभराचा आकडा मात्र 65 च्या आसपास. मग एचआयव्ही आता गरीब म्हाताऱ्यांचा आजार झालाय का, आणि गरिबांचे रिझल्ट सगळ्या देशापेक्षा चांगले कसे काय. मी इथे साउथमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या, एका कम्युनिटी क्लिनिकमध्ये बरीच वर्षं केस मॅनेजर होते, हे फॉर्म भरण्यात आयुष्याचा मोठा तुकडा गेलाय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते. वयाने मोठी आहे, अगं-तुगं करतेय, चालवून घे.

पहिली गोष्ट म्हणजे हा तक्ता एचआयव्ही कोणाला होतो हे सांगतच नाही. बाकी सगळीकडचे पैसे संपल्यावर ज्यांचं काहीतरी भागवायचं राहतं असे लोक यात दिसतात. कायद्यातच लिहिलंय की हा प्रोग्रॅम शेवटचा पैसे देणारा, म्हणजे मेडिकेड (गरिबांचा सरकारी विमा), मेडिकेअर (मुख्यतः 65 च्या पुढच्यांचा सरकारी विमा), खाजगी इन्शुरन्स, जे काही असेल त्याने आधी द्यायचं आणि मग उरलेलं यांनी. चाळणीखाली जे पडलं ते बघून पोत्यात काय होतं ते ठरवायला गेलं तर काय होणार, तसंच आहे हे. आत यायला लागतं काय, तर एचआयव्हीचं निदान, त्या भागात राहत असल्याचा पुरावा, आणि उत्पन्न मर्यादेच्या आत. ती मर्यादा राज्याराज्यात वेगळी, औषधांच्या योजनेला बऱ्याच ठिकाणी दारिद्र्यरेषेच्या चौपट-पाचपट. म्हणजे श्रीमंत माणूस दारातच गळतो, आणि मग आपण म्हणतो अरे इथे सगळे गरीबच कसे! त्यातून अमेरिकेची दारिद्र्यरेषा म्हणजे 2024 मध्ये एकट्या माणसाला वर्षाला 15,060 डॉलर, यात घरभाडं तरी निघतं का बघ. पण मर्यादा चौपट असूनही 60 टक्के लोक एकपटीच्याही आत आहेत, माझ्या मते असाइनमेंटमध्ये लिहिण्यासारखी गोष्ट ही आहे, कारण एवढं खाली यायला दारावरची चाळण पुरत नाही. गरिबीने आजार ओढवतो आणि आजाराने नोकरी जाऊन गरिबी, दोन्ही बाजूंनी चालतं ते.

आणखी एक आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. यातल्या जवळपास 80 टक्के लोकांकडे कसला ना कसला इन्शुरन्स असतोच. मग ते इथे का येतात? कारण इन्शुरन्स डॉक्टरचे आणि गोळ्यांचे पैसे देतो (तेही कोपे आणि डिडक्टिबल, म्हणजे पेशंटने खिशातून भरायचे वाटे, वगळून), पण अपॉइंटमेंटला यायला गाडी, दातांचं काम, डिप्रेशनसाठी काउन्सेलिंग, मेडिकेडचा फॉर्म रिन्यू करून देणारं माणूस, हे कोण देणार. काही ठिकाणी एडॅप, म्हणजे राज्यांची औषधांची योजना, सरळ इन्शुरन्सचा प्रीमियमच भरते, कारण महिन्याला 3 हजार डॉलरच्या वर छापील किंमत असलेली एक गोळी विकत घेऊन देण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. त्यामुळे क्लायंट या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळे लोक येतात, एक ज्याचं सगळं औषधपाणी इथूनच चालतं, आणि दुसरा जो वर्षातून एकदा दात दाखवायला आला. दोघेही तक्त्यात एक-एक. एकच माणूस तीन ठिकाणी सेवा घेत असेल तर त्याला तीनदा मोजत नाहीत, नाव न कळणारा एक कोड बनवून डुप्लिकेट काढतात, त्यामुळे तेवढ्यापुरता आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता वंशाचा भाग. इथे घाई करू नकोस, तीन आकडे शेजारी मांड. देशाच्या लोकसंख्येत ब्लॅक लोक 12-13 टक्के, एचआयव्ही असलेल्यांमध्ये 40 टक्क्यांच्या आसपास, आणि या प्रोग्रॅममध्ये 45 च्या आसपास. म्हणजे मोठी उडी कुठे आहे? पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात. प्रोग्रॅममध्ये येईपर्यंत त्यात फक्त थोडीशी भर पडते. बरेच विद्यार्थी सरकारी सेवेत ब्लॅक लोक जास्त, कारण ते गरीब, असं एका वाक्यात उरकतात, ते अर्धवट आहे. आणि ते बेफिकीर वागतात म्हणून, हे तर चुकीचंच आहे, ब्लॅक गे पुरुषांवर झालेल्या अभ्यासांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय की त्यांचं वागणं इतरांपेक्षा जास्त धोक्याचं नाही. फरक कुठे पडतो, तर ज्या वर्तुळात त्यांचे संबंध जुळतात तिथे आधीच विषाणू जास्त आहे आणि उपचारावर असलेले लोक कमी, मग तेवढंच वागून लागण व्हायची शक्यता कितीतरी जास्त.

यात भूगोल पण घाल, नाहीतर उत्तर अपुरं राहील. नवीन निदानांपैकी निम्मी साउथमध्ये होतात आणि मेडिकेड न वाढवलेली (म्हणजे सगळ्या गरीब प्रौढांना त्यात न घेतलेली) राज्यं पण बहुतेक तिथलीच, टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना, टेनेसी. (नॉर्थ कॅरोलायनाने 2023 च्या डिसेंबरमध्ये वाढवलं.) आधी काय व्हायचं, की मूलबाळ नसलेल्या धडधाकट गरीब माणसाला मेडिकेड मिळायचंच नाही, अपंगत्व सिद्ध करावं लागायचं, म्हणजे एचआयव्हीवाल्याने आधी एड्सपर्यंत आजारी पडायचं आणि मग ज्या औषधाने तो आजारी पडलाच नसता ते औषध सरकारकडून घ्यायचं! ओबामाच्या आरोग्यविम्याच्या कायद्याने हे बदलायला घेतलं, पण 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने मेडिकेड वाढवणं राज्यांच्या मर्जीवर सोडलं, आणि वर नावं घेतलेल्या राज्यांत ती जुनी गंमत अजून बरीचशी तशीच आहे. तिथे सगळा भार रायन व्हाइटवर. 2011 मध्ये तर एडॅपच्या वेटिंग लिस्टवर देशभरात 9 हजारांच्या वर लोक होते, औषध अस्तित्वात आहे, डॉक्टरने लिहून दिलंय, आणि यादीत नंबर लागायची वाट बघा.

वयाचं बघ आता, इथे मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं. निम्मे क्लायंट पन्नाशीपुढचे, पण नवीन निदान मात्र निम्म्याहून जास्त 35 च्या आतल्यांचं. 13 ते 24 वयोगट नवीन निदानात पाचातला एक असतो, आणि या प्रोग्रॅमच्या क्लायंटमध्ये चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे म्हातारपणी लागण वाढलीय असं अजिबात नाही, 1996 नंतर जी कॉम्बिनेशन औषधं आली त्यांनी माणसं जगली आणि जगली म्हणून म्हातारी झाली. चांगली बातमी आहे ही खरं तर! पण मागच्या पिढीच्या केस मॅनेजरला जे कधी करावं लागलं नाही ते आता करावं लागतं, गुडघे, मधुमेह, विसराळूपणा, एकटेपणा, कारण या लोकांचे मित्र, पार्टनर अख्खेच्या अख्खे ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलेत, म्हातारपणी बघायला कोणी उरलेलंच नाही. 65 झाली की मेडिकेअर लागू होतं, नवीन कागदपत्रं, नवीन कोपे, आणि वर्षानुवर्षं नीट चाललेला माणूस नेमका त्या फेरफारात दोन महिने औषधाविना राहतो. हृदयविकाराचाही धोका यांना जास्त, 2023 मध्ये रिप्रीव्ह नावाच्या ट्रायलचे निकाल आले, 40 ते 75 वयाच्या लोकांना पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध) दिल्यावर हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठे प्रकार 35 टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर या क्लिनिकांमध्ये स्टॅटिनचं बोलणं सुरू झालं, नाहीतर पूर्वी सगळं लक्ष व्हायरल लोडवरच असायचं.

तरुण मुलांचा आकडा लहान दिसतो म्हणून सोडून देऊ नकोस. ती कमी दिसतात कारण ती येत नाहीत किंवा येऊन टिकत नाहीत, आणि व्हायरल सप्रेशन पण सगळ्यात कमी असलेल्या गटांत तीच आहेत, अस्थिर घर असलेल्या लोकांबरोबर. आईवडिलांच्या इन्शुरन्सवर असलेल्या पोराला घरी बिलाचं पाकीट जाईल ही भीती असते, ते कुठल्या कॉलममध्ये लिहिणार.

बायकांबद्दल थोडक्यात. पाव भागाच्या आसपास आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त ब्लॅक. पुरुष 70 च्या जरा वर, ट्रान्सजेंडर दोन टक्क्यांच्या थोडं वर. सुरुवातीची कित्येक वर्षं एड्सची व्याख्याच पुरुषांच्या आजारांवरून केलेली होती, 1993 मध्ये सीडीसीने, म्हणजे सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेने, त्यात पसरलेला गर्भाशयमुखाचा कॅन्सर वगैरे घातला तेव्हा कुठे बऱ्याच बायका मोजल्या जायला लागल्या. जुने तक्ते आणि आजचे तक्ते एका ग्राफवर टाकायचा मोह झाला तर हे लक्षात ठेव.

आता 90 विरुद्ध 65. दोन्ही आकडे खरे आहेत पण भागायचे कशाने ते वेगळं. सीडीसी निदान झालेल्या सगळ्यांना खाली घेते, ज्याची वर्षभरात टेस्टच झाली नाही तो सप्रेस नाही असंच धरलं जातं. रायन व्हाइटच्या आकड्यात खाली फक्त ते लोक, जे वर्षात एकदा तरी डॉक्टरकडे आले आणि ज्यांचा व्हायरल लोड एकदा तरी तपासला, शेवटची टेस्ट एका मिलिलिटरमागे विषाणूच्या 200 कॉपीजच्या खाली असली की सप्रेस. जे दारापर्यंत आलेच नाहीत ते या हिशोबात नाहीतच. त्यामुळे सरकारी सेवा देशापेक्षा 25 टक्क्यांनी सरस, असं कृपा करून लिहू नकोस, मास्तरीण पहिला लाल शेरा तिथेच मारेल. पण उलट्या टोकाला जाऊन हे सगळं आकड्यांचा खेळ आहे असंही नको. याच पद्धतीने मोजलेला याच प्रोग्रॅमचा आकडा 2010 मध्ये 69.5 होता, 2022 मध्ये 89.6 झाला. त्यात औषधं सोपी झाली हा मोठा भाग आहे, दिवसाला एक गोळी, पण नुसत्या गोळीने झालं असतं तर अस्थिर घरवाले एवढे मागे राहिलेच नसते, गोळी तर त्यांनाही तीच मिळते. मला विचारशील तर दारिद्र्यरेषेखालचे लोक एवढ्या वर गेले ते फोन करकरून बोलावणाऱ्या माणसांमुळे, आणि ते खर्चाच्या रकान्यात ओव्हरहेडसारखं दिसतं म्हणून बजेट कापायची वेळ आली की पहिली कात्री तिथे.

तू विचारलं नाहीस पण आपल्या लोकांबद्दल सांगते. एशियन क्लायंट एक-दोन टक्के. फॉर्ममध्ये एशियन इंडियन असा वेगळा पर्याय असतो पण छापताना सगळे एशियन बहुतेक एकाच ओळीत, त्यात फिलिपिनो, व्हिएतनामी, चिनी आणि आपण. यावरून आपल्यात कमी आहे असं कोणी म्हणालं की मी विचारते टेस्ट कितींनी केली. नोकरीच्या इन्शुरन्सवर असलेला इंजिनियर या तक्त्यात येणारच नाही, आणि नोकरी गेली की व्हिसाच्या भीतीने सरकारी दारात पाय ठेवणार नाही.

नावाचं पण एक बघ. रायन व्हाइट इंडियानातल्या कोकोमोचा मुलगा, हिमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आजार), त्यावर दिल्या जाणाऱ्या, रक्तापासून बनवलेल्या फॅक्टर या औषधातून लागण, 1984 मध्ये निदान, शाळेने प्रवेश नाकारला, एप्रिल 1990 मध्ये अठराव्या वर्षी गेला आणि त्याच ऑगस्टमध्ये थोरल्या बुशने कायद्यावर सही केली. गे पुरुषांच्या आणि ड्रग्ज घेणाऱ्यांच्या नावाने पैसे मागितले असते तर मिळाले नसते, हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं. आज त्या पैशातून ज्यांची सेवा होते तो तक्ता तुझ्यासमोर आहे, आणि 2013 पासून कायद्याची मुदतवाढसुद्धा झालेली नाही, दरवर्षी बजेटमध्ये अडीचेक अब्ज डॉलर टाकून गाडी ढकलतात.

तुझं राज्य कुठलं ते लिहिलं नाहीस. मेडिकेड वाढवलेलं राज्य असेल तर आधी इन्शुरन्सचा तक्ता काढ, तिथे रायन व्हाइटच्या पैशांचा मोठा भाग केस मॅनेजमेंट, दात आणि प्रीमियमवर जातो आणि तुझं सगळं विश्लेषण त्यावरून वळेल. टेक्सस किंवा जॉर्जिया असेल तर इन्शुरन्स नसलेल्यांचं प्रमाण, वय आणि काउंटी एवढे तीनच धर, जास्त फाटे फोडू नकोस. आणि ड्राफ्ट झाला की इथेच टाक, वाचते.