कोळी आता काय करील?

सातारा,
घटस्थापनेच्या आधीचा रविवार

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दसरा काढताना माळ्यावरून तुझ्या हातावर कोळी पडला आणि त्यानंतर दोन रात्री तू त्या खोलीत झोपली नाहीस, असे तू लिहिले आहेस. कृषी पदविकेला प्रवेश घेऊन चूक तर केली नाही ना, असेही विचारले आहेस. चूक मुळीच केलेली नाहीस. मात्र उसात नि सोयाबीनमध्ये कोळी भेटणारच, आणि शेतकऱ्याच्या पिकावरची कीड खाणारा तो फुकटचा गडी आहे, त्यामुळे त्याच्याशी ओळख करून घेणे तुला भागच आहे.

आधी माझी कबुली ऐक. अनेक वर्षे मी जीवशास्त्र शिकवले, पण प्रयोगशाळेतल्या कपाटावरची कोळ्याची बरणी मी कधीही स्वतः खाली काढली नाही. प्रत्येक वर्षी एखाद्या विद्यार्थ्याला स्टुलावर चढवीत असे आणि माझा गुडघा दुखतो असे सांगत असे. तेव्हा माझा गुडघा ठणठणीत होता. पुढे विचार केल्यावर जाणवले, की मला त्याच्या रूपापेक्षा त्याच्या बेभरवशाचे भय अधिक वाटत होते. तो आता कोणत्या दिशेला सुटेल, उडी मारील की अंगावर येईल, याचा अंदाज नसे. म्हणून मी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला: हा कोळी आता काय करील? तूही तेच करावेस असे मला वाटते.

जगात कोळ्यांच्या ५०,०००हून अधिक जातींची नोंद झालेली आहे, पण तुला सुरुवातीला तीनच पुरेत. न्हाणीघराच्या कोपऱ्यात विस्कटलेल्या जाळ्यात उलटा लोंबणारा, केसासारख्या लांब पायांचा कोळी असतो, त्याच्यापासून आरंभ कर, कारण तो जागा सोडत नाही. दारातूनच पाहा. दोन-चार दिवसांनी जाळ्याला केरसुणीची काडी हलकेच लाव. तो जागच्या जागी इतक्या वेगाने गरगरू लागेल की धूसर दिसेल. शत्रूला चकवण्याची त्याची रीतच ती आहे. काडी लावण्यापूर्वीच तो काय करणार हे तुला सांगता आले, म्हणजे पहिला धडा झाला असे समज.

दुसरा खिडकीच्या गजावरचा, बोटाच्या पेराहूनही लहान, उड्या मारणारा. याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे असतात, नजर तीक्ष्ण असते, आणि आपण हललो की तो वळून आपल्याकडे पाहतो. या पाहण्याने मी पहिल्यांदा दचकलो होतो, आता तेच मला सर्वांत आवडते. उडी घेण्याआधी तो रेशमाचा धागा पृष्ठभागाला चिकटवतो, चुकला तर त्याच धाग्याने परत वर येतो. ही उडी स्नायूंच्या झटक्यापेक्षा द्रवाच्या दाबावर चालते: शरीरातला द्रव पायांत लोटून कोळी पाय ताणतो. मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले दिसतात, ते हा दाब संपल्यामुळेच.

तिसरा तुझ्या हातावर पडला तो असावा. तू केलेल्या वर्णनावरून, तपकिरी, चपटा, पाय पसरले तर तळहाताएवढा, म्हणजे हंट्समन. तो जाळे विणत नाही, रात्री भिंतीवर फिरून झुरळे मारतो आणि दिवसा फोटोमागे किंवा फळीच्या फटीत दडतो. उजेड झाला की तो जवळच्या अंधाऱ्या फटीकडे धावतो, आणि ती फट आपल्या बाजूला असली तर तो आपल्यावरच चालून आला असे वाटते. तू त्याची फट हलवली होतीस, एवढेच घडले. असा एक कोळी मी पूर्वी चपलेने मारला होता आणि त्याच्या पोटाखाली नाण्यासारखी पांढरी चकती पाहून आणखी घाबरलो होतो. ती अंड्यांची पिशवी होती. मादी ती पोटाशी धरूनच हिंडते. ते कळल्यावर कित्येक दिवस मनाला लागून राहिले.

घरात नको असेल तर त्याच्यावर काचेचा पेला उपडा ठेव, खालून जुनी लग्नपत्रिका सरकव आणि परसात सोड. हाताने उचलू नकोस. बहुतेक सर्व कोळ्यांना विष असते, परंतु माणसाला अपाय करू शकतील अशा जाती अगदी थोड्या आहेत. तरीही बिळातल्या केसाळ कोळ्यांना डिवचू नये आणि चावल्यावर सूज वाढत गेली तर डॉक्टरकडे जावे. अंगावरून कोळी गेल्याने फोड येतात असे तुझ्या आजी म्हणतात, पण तसे नसते. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा पेडेरस नावाचा नारिंगी-काळा किडा झोपेत अंगाखाली चिरडला की त्याच्या द्रवाने कातडी भाजते, आणि सकाळी जाळे समोर दिसते म्हणून आळ कोळ्यावर येतो. हे आजींना जरा जपून सांग.

पाऊस ओसरल्यावर कोयनेच्या किंवा महाबळेश्वरच्या झाडीत तुला मी घेऊन जाईन. तिथे मोठ्या वुड स्पायडरचे जाळे उन्हात पिवळट सोनेरी दिसते. मध्यभागी बोटाएवढी मादी आणि कडेला काही मिलिमीटरचा नर, जो तिचे पिल्लू आहे असे मला बरेच दिवस वाटत होते. अशा गोल जाळ्यातली कोळीण डोळ्यांवर फारशी विसंबत नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या तारेवर बोट ठेवून जवारी पारखतो, तशी ती धाग्यांवर पाय ठेवून वारा कोणता, माशी कोणती आणि नर कोणता हे कंपनांवरून ओळखते. तू जाळ्याला न शिवता उभी राहिलीस तर तिच्या लेखी तू तिथे नसतेसच.

एवढे करूनही झोप लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नकोस. ज्याची भीती त्याला पायरीपायरीने सामोरे जाण्याची पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली तर अशा भयासाठी जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीची पद्धत मांडली. पायऱ्या मात्र आपल्या गतीने चढायच्या असतात. मला न्हाणीघरातून खिडकीपर्यंत यायलाच एक अख्खा पावसाळा लागला.

आमच्या मागच्या खोलीत कॅलेंडरमागे सध्या एक हंट्समन मुक्कामाला आहे. काकूंनी ती खोली झाडायला काढली होती. तू येऊन जाईपर्यंत ती तशीच राहू दे, असे मी त्यांना सांगितले आहे. शनिवारी संध्याकाळी ये. रात्री नऊच्या सुमारास तो बाहेर पडतो, आणि कोणत्या बाजूने निघेल हे तू आधी सांगायचे आहेस.

तुझे,
सर